मागच्या माणसाचा श्वास

१

गोचीड शोधायला नुसते डोळे कामाचे नाहीत, कापड लागतं. फ्लॅनेलचं पांढरं कापड काठीला शिवायचं, काठीला दोरी बांधायची आणि रानातल्या पाचोळ्यावरून ते सावकाश ओढत न्यायचं. जनावर चाललंय असं समजून गोचिडी त्याला चिकटतात. एकीनं पुढे राहून कापड ओढायचं, दुसरीनं मागून येत कापडावर नजर ठेवायची, मधूनमधून थांबून चिमट्यानं गोचिडी उचलायच्या आणि काचेच्या नळीत टाकायच्या. वारिजाची उमेदीची वर्षं या कामात गेली होती. बंगळुरात तिला रानाची शास्त्रज्ञ म्हणत. कट्टेमक्की गावात बंगारक्का तिला रानाची मोलकरीण म्हणे.

"दिवसभर केर काढतेस नुसता," ती म्हणायची. "तोही रानाचा. जे तो रोज नव्यानं पाडतं."

बंगारक्का कट्टेमक्कीचीच. तिचा नवरा तीर्थप्पा गोठ्यात घालायला रानातून पाचोळा आणायला गेला होता, तिथून गोचिडीच्या चाव्यानं होणारा माकडताप घेऊन आला आणि आठवड्यात गेला. त्याच हिवाळ्यात ती वारिजाच्या दारात येऊन उभी राहिली होती. "माझ्या माणसाला मारलं ते केवढं आहे ते बघायचंय मला," म्हणाली. वारिजानं तिला नळी दाखवली. नाचणीच्या दाण्याएवढी गोचीड तिनं नळी उजेडाला धरून, फिरवून फिरवून बघितली. दुसऱ्या दिवसापासून ती कापडामागून चालायला लागली.

काम सरळ होतं. भात कापून झालं की गावातल्या बायका डोक्यावर हारे घेऊन पाचोळ्याला निघतात. त्याआधी या दोघींनी रान पालथं घालून सांगायचं, यंदा कुठे जा आणि कुठे पाऊल टाकू नका. जिथे रान तोडलेलं, गुरं फिरलेली, घाणेरी माजलेली, तिथे गोचिडींचा सुळसुळाट. आणि डोंगराच्या पोटातली जुनी दाट राई मात्र दरवर्षी स्वच्छ. बायका बिनघोर तिथला पाचोळा आणत.

त्या दिवशीही राईत कापडावर काही लागलं नाही. परतीच्या वाटेवर वारिजाला एका नेच्याच्या टोकाला मात्र गोचिडी दिसल्या, पाचसहा असतील. गोचिडीच्या या जातीला डोळे नसतात. पानाच्या टोकावर चढायचं, पुढचे दोन पाय हवेत उचलायचे आणि कोणाचा श्वास येतोय ते हुंगत बसायचं. श्वास आला की ती तिकडे तोंड करते. वारिजा वाकली, तिचा श्वास पानावर पडत होता. पण गोचिडींनी तोंडं फिरवली होती ती मागे उभ्या असलेल्या बंगारक्काकडे.

"तुमच्या तंबाखूवर भाळल्या बघा."

"दाखव," म्हणत बंगारक्का पुढे येऊन तिच्याशेजारी वाकली.

आता दोघी इकडे होत्या आणि गोचिडी तिकडेच बघत होत्या, बंगारक्का मघाशी उभी होती त्याच्या जरा मागे. तिथे वाट होती. वाटेवर ऊन पडलं होतं. दुसरं काही नव्हतं.

"सांबर बसलं असेल जाळीत," वारिजा म्हणाली. वारा होता का, तर नव्हता. पण रानात श्वास घेणारं आपण दोघीच असतो असं थोडंच आहे? हे तिला पटलं, आणि तिनं गोचिडी नळीत टाकल्या.

२

वारिजाचं बिऱ्हाड एका सुपारीवाल्याच्या माळ्यावर होतं. खाली सुपारी साठवलेली, वर लाकडी जमिनीची लांबट खोली, तिच्या मागच्या टोकाला चूल. उन्हानं पत्रा तापला की वरून टकटक आवाज यायचा. या खोलीतला प्रत्येक आवाज तिच्या ओळखीचा होता. जिन्याजवळची फळी पाय पडला की करकरायची. एकदाच करकरायची, मग पुन्हा पाय पडेपर्यंत गप्प.

टेबलावर नळ्यांची घोडी ठेवलेली होती. प्रत्येक नळीत ओलसर पान, तोंडाला बांधलेलं जाळीचं कापड आणि आत जिवंत गोचिडी. एरवी त्या नळीभर फिरतात, एक वर तर एक खाली. दुसऱ्या दिवशी दुपारी वारिजा लिहायला बसली आणि तिच्या लक्षात आलं, सगळ्या नळ्यांतल्या सगळ्या गोचिडी काचेच्या एकाच बाजूला लागल्या आहेत. अंगणाच्या बाजूला. अंगणात बंगारक्का कापड धूत होती.

वारिजानं घोडी फिरवून ठेवली. गोचिडी काचेवरून सरकत सरकत पुन्हा अंगणाकडे आल्या. उजेडाकडे जात असतील म्हणून तिनं खिडकी लावली. फरक नाही. ओल असेल म्हणून घोडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली. फरक नाही. मग तिनं पेन ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन नुसती बघत बसली.

बंगारक्का जिना चढून आली. फळी करकरली. ती खोलीतून मागे चुलीकडे निघाली. "धन्याजिऱ्याचं कषाय टाकते, घेशील ना?" जाताजाता म्हणाली. वारिजाचे डोळे नळ्यांवर होते. बंगारक्का टेबलासमोरून गेली तेव्हा गोचिडी हलल्याच नाहीत. ती पुढे गेल्यावर हलल्या, सगळ्या एकदम, तिच्या दोन पावलं मागून काहीतरी चाललेलं असावं तशा.

आणि आता तिला जाणवलं, जिन्याजवळची फळी मघाशी दोनदा करकरली होती.

"अक्का, तुम्ही परत गेला होतात का जिन्याकडे?"

"मी चुलीपाशी आहे. कान गेले का तुझे?" आतून आवाज आला. मग जरा थांबून, धापा टाकत, "हा जिना उंच झालाय का गं?"

३

जिना उंच झाला नव्हता. डोंगरही तेवढाच होता. पण बंगारक्का, जी चढावर सगळ्या गावाची उणीदुणी काढत वर जायची, ती आता वळणावळणाला खाली बसायला लागली. तोंड उघडं टाकून बसायची आणि हातानं 'थांब' म्हणायची. तिची बडबड बंद झाली तशी वारिजा घाबरली. रानात इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती.

तिनं तिला तालुक्याला नेलं. रक्त तपासलं, माकडतापाचं नाव नाही. छातीचा फोटो काढला, स्वच्छ. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विश्रांती सांगितली.

"गोळ्यांनी काय होणार?" बसमध्ये बंगारक्का म्हणाली. "श्वास आत घेते तेव्हा अर्धाच येतो. पूर्ण घ्यायला जाते, तर अर्ध्यावरच संपतो. उरलेला जातो कुठे?"

वारिजानं पिशवी उघडून पाहिली. आत एक नळी होती, ती तिनं मुद्दाम बरोबर घेतली होती. नळीतल्या गोचिडी बंगारक्काच्या मागच्या सीटकडच्या काचेला चिकटल्या होत्या. मागची सीट रिकामी होती. भरगच्च बसमध्ये उभे राहिलेले लोक एकमेकांच्या खांद्यावर रेलत होते, पण त्या सीटवर कोणी बसलं नाही.

बंगळुराहून डॉ. नंजुंडय्यांचा फोन आला. ते वारिजाचे वरिष्ठ, माणूस वाईट नव्हता.

"राईचा भाग सोडून द्या यंदा. दरवर्षी तिथे काही सापडत नाही. बाई आजारी आहे म्हणता, दुसरा माणूस घ्या आणि उरकून परत या."

"सर, पुढच्या आठवड्यात गावच्या बायका राईत जाणार आहेत. ओळीनं, एकीमागे एक. मला आधी बघायचंय."

"काय बघायचंय?"

वारिजा काय सांगणार होती? "श्वासाचं काहीतरी," म्हणाली.

"बघा बाई. फक्त पद्धत मोडू नका. एक पुढे, एक मागे. नाहीतर दरवर्षीच्या आकड्यांशी मेळ बसायचा नाही."

फोन ठेवून तिनं बंगारक्काला सांगितलं, "तुम्ही घरी बसा." ती उखडली. "घरी बसून काय करू? अर्धा श्वास घरीही अर्धाच येतोय. तीर्थप्पा अंथरुणावर गेला. मी जाणार नाही. मला जर कोणी नेणार असेल तर चालत्या पायानं नेईल, आणि नेताना माझं बोलणं ऐकून घेईल!"

एवढं बोलून तिला इतकी धाप लागली की वारिजाला तिची पाठ चोळावी लागली. पाठीमागे हात नेताना वारिजाच्या मनगटाला थंड वारं लागलं. दार बंद होतं. लागलं, मग थांबलं. मग पुन्हा लागलं. त्या क्षणी वारिजाला कारणं शोधायचा कंटाळा आला. सांबर नाही, वारा नाही, तंबाखू नाही. तिला आता एकच हवं होतं, बंगारक्काचा पुरा श्वास. तो ज्यानं घेतला असेल त्याच्याकडून तो परत घ्यायचा.

४

"आज मी मागे राहणार," राईच्या तोंडाशी वारिजा म्हणाली.

"आणि कापड मी ओढू? मी मालकीण झाले म्हण की."

भर दुपार होती. राईत उन्हाचे कवडसे पडले होते आणि वर कुठेतरी धनेश पंख फडफडवत गेला. बंगारक्का दोरी खांद्यावर घेऊन पुढे झाली. वारिजा मागे चालू लागली. पन्नासेक पावलांत बंगारक्काची पाठ सरळ झाली. मग ती गुणगुणायला लागली. तिचं तिलाच कळलं नाही.

वारिजाला मात्र कळलं. तिनं श्वास घेतला आणि तो अर्ध्यात संपला. दुखलं नाही, कोंडल्यासारखंही झालं नाही. घास तोंडाशी नेताना कोणीतरी अर्धा मोडून घ्यावा तसं झालं, सहज, हक्कानं. पुन्हा घेतला. पुन्हा अर्धाच.

ती थांबली. पिशवीतून तिनं उदबत्ती काढली. वाऱ्याची दिशा बघायला ती नेहमी जवळ असायची. पेटवून समोर धरली. धूर सरळ वर गेला. राईत पान हलत नव्हतं. मग तिनं हात डाव्या खांद्यावरून मागे नेला आणि मान तेवढीच वळवली.

धूर मागे ओढला गेला. बारीक रेघ होऊन तिच्या खांद्याच्या वरून मागे गेला आणि एका जागी दिसेनासा झाला. मग त्याच जागेवरून परत आला, पसरट, कोमट, तिच्या गालावर. पुन्हा ओढला गेला. पुन्हा आला. वारिजानं आपला श्वास रोखून धरला. धूर ये-जा करत राहिला. ती चाल माणसाच्या श्वासापेक्षा फार सावकाश होती. इतका लांब श्वास घ्यायला छाती केवढी लागेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो पुरा केला नाही.

पुढे गुणगुणणं थांबलं होतं. बंगारक्का वळून उभी होती. ती वारिजाकडे बघत नव्हती, वारिजाच्या मागच्या जमिनीकडे बघत होती.

"वारिजा," ती हळू म्हणाली, "तुझ्या मागचा पाचोळा खाली दबलाय. आणि आता उठतोय."

मग तिनं दोरी टाकली, तरातरा मागे आली आणि वारिजाला दंडाला धरून पुढे ढकललं.

"सरक. हो पुढे."

"अक्का, नको! तुम्हाला परत..."

"माझं आहे ते माझ्याकडे राहू दे. तुझं लग्न व्हायचंय अजून!"

"लग्नाचं काय इथे?"

"मग केव्हा काढू? रोज टाळतेस!"

राईच्या मध्यावर दोघी बायका एकमेकींना पुढे ढकलत भांडत होत्या. वारिजाला रडू येत होतं आणि हसूही. मागे राहण्यासाठी असं कोणी भांडलेलं त्या जागेनं पूर्वी पाहिलं नसावं. शेवटी बंगारक्काच मागे राहिली, कारण ती अंगानं जाड होती. बाहेर येईतो तिचे ओठ निळसर पडले होते.

५

दुसऱ्या दिवशी राईपर्यंत यायला बंगारक्का चार वेळा बसली. वारिजानं काठीची दोरी सोडून टाकली होती.

"आज कोण मागे?" बंगारक्कानं विचारलं.

"कोणीच नाही. काठीचं एक टोक तुम्ही धरा, एक मी. शेजारीशेजारी चालायचं. कापड मागून येईल."

"म्हणजे शेवटी कापड."

"हो."

"आणि कापडाला श्वास कुठला!" बंगारक्का हसली. हसायलाही तिला दोनदा थांबावं लागलं. "तुझे साहेब ओरडतील. पद्धत मोडलीस म्हणून."

"ओरडू देत."

दोघी खांद्याला खांदा लावून आत शिरल्या. वाट अरुंद होती. घसरत, अंगाला काटे लावून घेत, पण एकीनंही दुसरीला पाऊलभर मागे पडू दिलं नाही. कापड मागून सळसळत येत होतं. जरा आत गेल्यावर बंगारक्का एकदम थबकली. तिनं श्वास घेतला, लांब, पोटापर्यंत. डोळे मिटून तो आत धरून ठेवला. सोडायची भीती वाटत असावी.

"सोडा. पुन्हा येईल," वारिजा म्हणाली.

ती सोडते न सोडते तोच कापड जड झालं.

कापड मुळाला अडकलं तर हिसका बसतो, हे वारिजाला चांगलं ठाऊक होतं. हा हिसका नव्हता, वजन होतं. दोघींनी ओढलं तर ते बरोबर आलं. एक पाऊल जड, एक हलकं. एक जड, एक हलकं. कापडावरून कोणीतरी चालत होतं आणि त्याला कशाची घाई नव्हती.

वारिजानं मान वळवली. आपण बघायचंच असं तिनं घरून ठरवून आणलं होतं.

पांढऱ्या कापडावर दोन ठिकाणी खळगे पडले होते, पाचोळ्यात खोल रुतलेले. चहूकडच्या पाल्यातून गोचिडी कापडावर चढत होत्या. आजवर याच राईत एक सापडायची मारामार, आणि आता कापडाच्या कडा काळ्या झाल्या होत्या. खळग्यांच्या भोवती येऊन त्या थांबत होत्या आणि पुढचे पाय वर उचलत होत्या. वारिजाची नजर त्यांच्याबरोबर वर गेली. नेच्याच्या टोकांवर गोचिडी. त्याच्या वर झुडपांवर. आणि फार वर, दोघींच्या डोक्यांच्याही वर लोंबणाऱ्या वेलीच्या टोकावर, जिथे गोचीड कधी चढत नाही, तिथेही गोचिडींचे झुबके पाय पसरून बसले होते. त्यांनी खाली दोघींकडे तोंड केलं नव्हतं. सरळ समोर केलं होतं, वेलीच्या उंचीवर. तिथे कवडशातली धूळ सावकाश आत जात होती आणि बाहेर येत होती.

वारिजाचे हात काठीवर आखडले. बंगारक्कानंही पाहिलं. तिनं तोंडातलं पान थुंकलं, पदरानं तोंड पुसलं आणि वर बघून, शेजारणीशी बांधावरून भांडावं त्या आवाजात बोलायला लागली.

"उतर खाली. कापड सरकारी आहे. माझा नवरा तू नेलास की या दाण्याएवढ्या किड्यानं, ते मला माहीत नाही. तू नेला नसशील तर तुझं माझं भांडण नाही. नेला असशील तर तो हिशेब मी मेल्यावर करू, तोवर वाट बघ. पण श्वास माझा आहे. तो मी कष्टानं घेते. त्यातला अर्धा कोणाला देणार नाही, आणि या पोरीचाही देणार नाही. ऐकलंस?"

राईत काही हललं नाही. कवडशातली धूळ मात्र थांबली. आत गेलेली, बाहेर न आलेली.

"ओढा, अक्का," वारिजा म्हणाली. "थांबायचं नाही आता."

दोघींनी काठी छातीशी धरली आणि ओढलं. दातओठ खाऊन, पाय रोवून, एकाच वेळी एकच पाऊल. एक जड, एक हलकं. वारिजा मोठ्यानं काय काय बोलत होती ते तिला नंतर आठवलं नाही. शिव्या होत्या एवढं बंगारक्कानं गावभर सांगितलं. समोर राईची कड उजळली. पहिलं मोकळं ऊन पायांवर पडलं आणि कापड एकाएकी इतकं हलकं झालं की दोघी काठीसकट तोंडावर पडता पडता वाचल्या.

कापड बाहेर येऊन पडलं होतं. त्यावर दोन जागा स्वच्छ पांढऱ्या होत्या.

६

उतार उतरून त्या भातखाचरांपाशी आल्या. इथून डावीकडची वाट बंगारक्काच्या घराकडे जाते, उजवीकडची सुपारीवाल्याच्या माळ्याकडे. बंगारक्का वाटभर बोलत होती. सरपंचाची सून, दुधात पाणी घालणारा चन्नप्पा, कोणालाच सोडलं नव्हतं. मधूनच थांबून उगाच लांब श्वास घ्यायची आणि लबाड हसायची.

फाट्यावर आल्यावर तिनं दोन्ही वाटांकडे पाहिलं. दोघींच्या मनात एकदमच आलं. इथून पुढे एक इकडे, एक तिकडे. आणि एकटं चालणारं माणूस म्हणजे शेवटचंच माणूस.

वारिजानं खिशातली नळी काढून उन्हात धरली. गोचिडी काचेच्या मागच्या अंगाला दाटल्या होत्या. राईच्या बाजूला.

"उभं आहे अजून तिथेच?" बंगारक्कानं विचारलं.

"कडेला. आपण काय करतो ते बघतंय."

"बघू दे. पाय दुखले की बसेल." तिनं पदर खोचला. "चल माझ्याकडे. तांदळाची रोटी टाकते, कोवळ्या कैऱ्यांचं मिडी लोणचं काढते. रात्री तिथेच झोप. उद्या मी तुझ्याकडे. आणि परवा पाचोळ्याला बायका निघतील तेव्हा मी असेन पुढे. ओळ नाही करू द्यायची एकीलाही. हातात हात. हसतील मला."

"हसू देत."

फोन वाजला. नंजुंडय्या सर होते. "झालं का राईचं? केव्हा निघताय?"

"निघत नाही, सर. काम वाढलंय. एक लांब काठी पाठवा, चारपाच बायका धरतील एवढी."

"काठी? आणि पद्धतीचं काय?"

"पद्धत बदलली," म्हणून तिनं फोन ठेवला.

बंगारक्काच्या घराकडची वाट खाचरांच्या बांधावरून जाते. बांध जेमतेम एका पावलाएवढा. त्यावरून दोघींना शेजारी चालता येणं शक्य नव्हतं. गाव वसल्यापासून तिथून माणसं एकामागे एकच जात आली होती. दोघी बांधाच्या टोकाशी उभ्या राहिल्या. नळीतल्या गोचिडी हलल्या. सगळ्याच नाही, पण हलल्या. राईच्या कडेवरून निघून ते उतारावर आलं असावं, इतपत.

बंगारक्कानं वारिजाचा हात धरला आणि बांध सोडून खाली खाचरात पाऊल टाकलं. कापलेल्या भाताचे खुंट तळव्यांना टोचत होते, खाली चिखल ओला होता. दोघी चरफडत, एकमेकींच्या खांद्याला धरून, सरळ आडव्या शेतातून निघाल्या. मागे वळून कोणीच पाहिलं नाही. वारिजाच्या मुठीत नळी होती, आणि घर अजून दोन खाचरं लांब होतं.